फडातला बिबट्या पडद्यावर का येत नाही?

डिसेंबर २०२१मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव काही दिवस जगभर गाजलं. गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती आणि ती पिल्लं मरत होती. बातमी गावाबाहेर पडताच तिला कथानक मिळालं. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड उगवायचं ठरवलं आणि अडीचशे कुत्री संपवली, असं ते कथानक. नागपूरच्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरं पकडून नेली. अडीचशेचा आकडा फुगवलेला होता आणि सुडाला कसलाही पुरावा नव्हता. पण तोवर हॉलिवूडच्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ची पोस्टरं लवूळच्या नावाने मोबाइलवर फिरू लागली होती. गावातली लहान मुलं घराबाहेर पडायला घाबरत होती आणि जग हसत होतं.

माणसांवर चालून येणाऱ्या प्राण्यांचे चित्रपट भय आणि हसू या दोन टोकांमध्येच फिरतात. लवूळमध्ये ही दोन्ही टोकं एकदम दिसली. चित्रपट मात्र कोणी केला नाही. माझ्या मते ही चुकलेली संधी एकट्या लवूळची नाही. मराठवाड्यात आणि ऊसपट्ट्यात माणूस आणि जनावर रोज ज्या तणावात जगतात, त्याकडे आपल्या सिनेमाने अजून भयपट म्हणून पाहिलेलंच नाही.

लवूळच्या बातमीला सुडाची कथा इतक्या सहज का चिकटली, ते आधी बघू. आपल्या पडद्यावर जनावराला हल्ला करायचा असेल तर त्याला जुना हिशेब लागतो. १९७६च्या ‘नागिन’मध्ये नागीण आपल्या जोडीदाराला मारणाऱ्यांना एकेक करून संपवते. १९८५च्या ‘तेरी मेहेरबानियाँ’मध्ये कुत्रा मालकाच्या खुनाचा बदला घेतो. जत्रेतल्या तंबूत असले चित्रपट पाहत पिढ्या वाढल्या. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९८७ साली ‘जॉज’ मालिकेचा चौथा भाग निघाला, त्यात शार्क एका कुटुंबाच्या मागे हात धुऊन लागते. जनावर उपाशी आहे, घाबरलेलं आहे, त्याची जागा गेली आहे, एवढं कारण पटकथाकारांना पुरेसं वाटत नाही.

मराठी वाचकाला तरी ते पुरायला हवं होतं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई कुठलाही मानवी मुलामा न चढवता लिहिली आणि १९८३ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे वानरांच्या अभ्यासकांनी आपल्याच देशात धारवाडला आणि अबूच्या डोंगरात नोंदवलेलं वास्तव आहे. ते सूडकथेपेक्षा कितीतरी भयंकर आहे, कारण त्यात कोणाचा राग नाही. साहित्याने इतक्या लवकर गाठलेली ही पायरी सिनेमाला अजून चढता आलेली नाही.

हिंदीने दुसरी पळवाट काढली, शापाची. महेश भट्ट यांच्या १९९२च्या ‘जुनून’मध्ये माणूस शापामुळे वाघ होतो. २००५च्या ‘काल’मध्ये एका अभयारण्यात पर्यटक मरू लागतात, प्रेक्षक वाघाची वाट पाहतो आणि शेवटी मारणारं भूत निघतं. २०२२च्या ‘भेडिया’त अरुणाचलच्या जंगलाची चिंता खरी आहे, विनोदही चांगला जमलाय, पण लांडगा पुन्हा माणसाचाच अवतार. जंगलातल्या साध्या, हाडामांसाच्या जनावराची भीती दाखवायला हे चित्रपट कचरतात. मराठीत तर भीती आणि विनोदाची जोडी जवळजवळ पूर्णपणे भुताखेतांकडेच गेली. ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४), पुढे झोंबींचा ‘झोंबिवली’ (२०२२) ही त्या रांगेतली नावं. त्यातला ‘झपाटलेला’ अजूनही घराघरांत पाहिला जातो आणि ते योग्यच आहे. पण बाहुल्याला घाबरणाऱ्या प्रेक्षकाच्या शेतात त्याच वेळी बिबट्याची मादी वीत होती.

याला दोन मोठे अपवाद आहेत आणि गंमत अशी की दोन्हींत मोहन आगाशे आहेत. जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ते ठाकरांचा नाग्या आहेत. माशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो आणि तो राणीमाशीचा पिच्छा धरतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट आपण गाण्यांसाठी आठवतो. पण कड्याला लटकलेली आग्या मोहोळं, खाली धूर आणि वर चढणारा माणूस हे सगळं भयपटाचंच साहित्य आहे. मराठीतला जनावरांच्या भीतीचा सर्वांत थोर चित्रपट हाच, असं मी ठामपणे म्हणेन. इथे सूड माणसाच्या मनात आहे, माशा फक्त माशा आहेत. हा फरक पटेलांनी कुठेही पुसू दिलेला नाही.

दुसरा उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८). देवाला सोडलेला वळू गावात उच्छाद मांडतो, त्याला धरायला वनाधिकारी येतो. ही भूमिका अतुल कुलकर्णींची. सरपंच आगाशे. वनाधिकाऱ्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन आलेला असतो आणि सगळं गाव त्या कॅमेऱ्यापुढे आपापली कैफियत मांडायला लागतं. गावातल्या प्रत्येक नुकसानीचं, भानगडीचं, राजकीय डावाचं खापर वळूवर फुटतं. गिरीश कुलकर्णी यांच्या लेखनाची ताकद अशी की हसता हसता जनावर निर्दोष होत जातं आणि गाव उघडं पडत जातं. लवूळच्या वेळी टीव्हीच्या गाड्या गावात आल्या, तेव्हा जे घडलं ते ‘वळू’ने तेरा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

पण ‘वळू’ कुठे थांबतो तेही पाहायला हवं. त्यासाठी शेजारी २०१९चा मल्याळम ‘जल्लीकट्टू’ ठेवावा. लिजो जोस पेल्लिसेरी यांनी एस. हरीश यांच्या कथेवर केलेला हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करलाही पाठवला गेला. कथानक जवळजवळ तेच. खाटकाच्या हातून रेडा सुटतो, गाव मागे धावतं. सुरुवातीला इथेही हसू येतं. लग्नाच्या जेवणाची चिंता, जुनी भांडणं, फुशारक्या, सगळं आहे. मग रात्र पडते, मशाली पेटतात, माणसांच्या घशातून निघणारे आवाज आणि जनावराचे आवाज वेगळे काढता येईनासे होतात आणि शेवटी चिखलात माणसांचा डोंगर उभा राहतो. ‘वळू’ने गावाला माफ केलं, ‘जल्लीकट्टू’ने केलं नाही. मला ‘वळू’ मनापासून आवडतो. पण त्याच्यानंतर मराठीत कोणी ही दुसरी वाट धरलीच नाही, याची खंत वाटते. आपल्या विनोदी ग्रामीण चित्रपटाला गावावर प्रेम करण्याची इतकी सवय झालीय की गावाला वाटणारी भीती दाखवणं त्याला जड जातं.

बिबट्याचं म्हणाल तर सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (२०१४) आहे. माळशेजच्या बाजूला सोडलेला बिबट्या २००९ साली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे ही वाट कळली आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या त्या कामावर हा चित्रपट उभा आहे. जनावराला राक्षस करायचं नाही, हा त्याचा निश्चय स्तुत्य होता. मात्र राक्षस टाळताना त्याने भीतीही टाळली. वाटेवरच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांना अंधारात बाहेर पडताना काय वाटतं, ते पडद्यावर येतच नाही. अमित मसूरकर यांचा ‘शेरनी’ (२०२१) जास्त धीट आहे. २०१८मध्ये यवतमाळच्या पांढरकवड्यात मारलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणाची सावली त्यावर स्पष्ट आहे. पुढारी, शिकारी आणि वनखातं यांची त्याने केलेली चिरफाड अचूक आहे. तरीही तो खात्याच्या बाजूने, जीपमधून पाहिलेला चित्रपट आहे. पायी चालणाऱ्याचा नाही.

पायी चालणाऱ्याची गोष्ट बीडकडे आहे. नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही या भागात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसं मारली. मेलेल्यांत शेतकरी होता, लहान मूल होतं. तुरी-कपाशीची, रब्बीच्या पाण्याची कामं ऐन भरात असताना शिवार ओस पडलं. बिबट्या पुढे सोलापूरच्या करमाळा तालुक्यात शिरला, तिथेही बळी गेले आणि १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात त्याला गोळी घालून मारण्यात आलं. तीन आठवड्यांहून अधिक काळ दोन जिल्हे श्वास रोखून होते. वीज रात्रीच येते म्हणून अंधारात मोटार चालू करायला जाणारा माणूस, हातात काठी, मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं. ‘जॉज’च्या किनाऱ्यापेक्षा हा प्रसंग कमी थरारक नाही.

त्याहून मोठी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, उसाच्या कडेला पाचटाची नाही तर प्लास्टिकची कोपी. जुन्नर-शिरूरसारख्या पट्ट्यात बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. तोड सुरू झाली की फड रोज थोडा थोडा आकसत जातो. ससे, डुकरं, साप, रानमांजरं उरलेल्या उसात सरकत राहतात. शेवटच्या पट्ट्यात कधी बिबट्याची पिल्लं सापडतात. मग काम थांबतं, वनखात्याला फोन जातो, पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवली जातात आणि मादी ती उचलून नेईल याची वाट पाहिली जाते. त्या रात्री टोळी झोपते ती हाकेच्या अंतरावर, दार नसलेल्या कोपीत. पटकथेला लागणारी चढण या कामातच आहे. जागा दिवसेंदिवस लहान होत जाते, आत काय आहे ते दिसत नाही आणि आणखी आत जावंच लागतं.

या प्रकारच्या चित्रपटाची सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे प्रेक्षकाचा एक साधा प्रश्न. माणसं पळून का जात नाहीत? प्रत्येक पटकथेला यावर युक्ती काढावी लागते. ‘जॉज’मध्ये नगराध्यक्ष हंगाम बुडेल म्हणून किनारा बंद करत नाही आणि पुढे नायक भर समुद्रात बोटीवर अडकतात. ‘कूजो’त (१९८३) पिसाळलेल्या कुत्र्यापुढे बंद पडलेली गाडी आहे. ‘क्रॉल’मध्ये (२०१९) चक्रीवादळाचं पाणी घरात भरतं आणि मगरी आत येतात. बीडच्या टोळीला असल्या युक्तीची गरज नाही. उचल फिटेपर्यंत टोळी हलू शकत नाही आणि कारखान्याचा हंगाम बिबट्यासाठी थांबत नाही. इतकं घट्ट, इतकं खरं कुलूप मी कुठल्याही परदेशी भयपटात पाहिलेलं नाही.

पैशाचं आणि कायद्याचं कारण नेहमी पुढे केलं जातं. बिबट्या, वाघ, माकड, अस्वल, सिंह यांना खेळ करायला लावण्यावर १९९८च्या अधिसूचनेने बंदी आहे. २०११मध्ये त्यात बैलाची भर पडली. म्हणजे आज ‘वळू’ पूर्वीसारखा करणंही अवघड. बंदी योग्यच आहे. मग उरतं संगणकावर बनवलेलं जनावर आणि मराठी निर्मात्याच्या खिशाला ते पेलत नाही. पण स्पीलबर्गची यांत्रिक शार्क १९७५ साली समुद्राच्या पाण्यात सारखी बिघडत होती, म्हणून त्याला तासाहून जास्त वेळ मासा धड न दाखवता भीती उभी करावी लागली आणि त्या अडचणीतूनच ‘जॉज’ मोठा झाला. उसात तर सहा फुटांपलीकडचं दिसतच नाही. तिथे लागतो तो उत्तम ध्वनिलेखक. वाऱ्याने हललेला ऊस आणि कोणीतरी हलवलेला ऊस यांतला फरक ऐकवता आला, की बिबट्या दोन वेळा दिसला तरी चालेल.

हसण्याचं काय? ‘शार्कनाडो’सारखे (२०१३) चित्रपट वावटळीतून शार्क पाडतात आणि प्रेक्षक त्यांच्या बेगडीपणालाच दाद देतो. ‘कोकेन बेअर’ने (२०२३) १९८५च्या एका घटनेतून, कोकेन खाऊन गुपचूप मेलेल्या अस्वलातून, खूनखराब्याचा विनोद काढला. खऱ्या अस्वलाने कोणालाच इजा केली नव्हती. असा विनोद आपल्याकडे उचलून आणू नये असं मला वाटतं, कारण इथे मरणारी माणसं प्रेक्षकाच्या ओळखीची असतात. आपल्या जवळचं हसू नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) आहे. डुकरं धरायची धावपळ, वर बसून हसणारं गाव आणि त्या हसण्याखाली चिरडला जाणारा चित्रपटाचा नायक जब्या. तिथे डुकरापेक्षा बघ्यांचीच जास्त भीती वाटते. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ज्या तालुक्यात २०२०चा तो बिबट्या मारला गेला, त्याच तालुक्याने मराठीला जनावर, हसू आणि दहशत एका चौकटीत धरणारा दिग्दर्शक आधीच दिलेला आहे.

कोपीतल्या माणसांना स्वतःचा विनोदही असतो. पहाटे अंधारात फडावर जाताना एकमेकांना घाबरवणं, मुकादमाला बिबट्याचं नाव ठेवणं, पहिला कोयता कोणी घालायचा यावरून होणारी चेष्टा. तो भीती घालवण्यासाठीच असतो आणि बाहेरून आलेल्या लेखकाला तो रचता येणार नाही. कोपीत जन्मून वसतिगृहांत शिकलेली मुलं-मुली आता बीड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या हातात मोबाइलचा कॅमेरा आहे आणि लघुपट करून पाहण्याची हौसही. निर्मात्यांनी पुढचं भूत शोधण्याआधी या मुलांना बोलवावं, त्यांच्याकडून एका फडाची पटकथा लिहून घ्यावी आणि ती पैसे देऊन लिहून घ्यावी.