लिंगोची गुहा आणि इंकांची गुहा

दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांचा इतिहास आपल्याकडील शालेय पुस्तकांत फार तर एका परिच्छेदात येतो: सोने, सूर्यपूजा, १५३२ साली काहामार्का येथे पिझारोच्या हाती सापडलेला आताहुआल्पा आणि शेवट. त्या लोकांची उत्पत्तिकथा मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण तिचा आरंभ वाचताना ती आपण आपल्याच रानात कुठेतरी ऐकली आहे असे वाटत राहते. इंकांचे मूळ पुरुष पाकारितांबो येथील गुहेतून बाहेर आले. चार भाऊ आणि चार बहिणी. त्यांपैकी आयार काची हा भाऊ इतका बलवान होता की इतरांना त्याची धास्ती वाटू लागली. काही निमित्त काढून त्यांनी त्याला पुन्हा गुहेत पाठवले आणि दार दगडाने कायमचे बंद केले. उरलेल्यांपैकी मांको कापाकने कुस्को नगरी वसवली.

आता आपल्या गोंडांची कथा पाहू. गोंडांच्या अस्वच्छपणाला कंटाळून महादेवाने त्यांना गुहेत कोंडले व तोंडावर प्रचंड शिळा ठेवली. फक्त चार भाऊ निसटले. इकडे गोंड दिसेनात म्हणून पार्वतीला चैन पडेना. मग लिंगो जन्मला. त्याने चौघा भावांना शेती शिकवली, एका म्हाताऱ्या राक्षसाला वाद्याच्या नादावर नाचवून त्याच्याकडचा अग्नी मिळवला, त्याच्या मुलींशी भावांची लग्ने लावून दिली. त्याच भावांनी बायकांच्या खोट्या तक्रारीवर विश्वास ठेवून लिंगोला ठार मारले. तो पुन्हा जिवंत झाला, आणि शेवटी गुहेतल्या साऱ्या गोंडांची त्याने सुटका केली.

दोन्हीकडे गुहा, चार भाऊ, भावांनीच केलेला घात आणि तोंडावरचा दगड. एवढ्यावरून दोन्ही लोक एकाच वंशाचे असल्याचा सिद्धान्त मांडण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस तो मान्य नाही. डोंगराळ मुलखात राहणाऱ्या माणसाला आपला पूर्वज जमिनीच्या पोटातून आला असे वाटणे स्वाभाविक आहे, त्यासाठी कोणी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. इंकांची कथा गुहेतून निघून सिंहासनावर जाऊन बसते. लिंगोच्या कथेत मात्र राजाच नाही! गुहेतून सुटलेल्या लोकांना लिंगो कुळांत विभागतो, कोणी कोणाशी सोयरीक करावी हे ठरवून देतो, देवांची पूजा लावून देतो आणि दिसेनासा होतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही आजही लग्न जुळवताना विचारली जाणारी विभागणी याच कथेला टेकलेली आहे.

याचे नवल अशासाठी की गोंडांना राज्य नव्हते असे नाही. सिरपूर, बल्लारपूर आणि चंद्रपूर येथून त्यांच्या राजांनी कित्येक पिढ्या कारभार केला. चंद्रपूरचा परकोट, त्याच्या चार वेशी व पाच खिडक्या, राणी हिराईने बिरशहासाठी उभारलेली समाधी हे सारे आजही पाहता येते. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले. या राजघराण्याचीही कथा आहे: खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील व्याधी झरपटच्या पाण्याने बरी झाली, पुढे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला त्याने पाहिला आणि राणीच्या सल्ल्याने त्याच वाटेवर कोट बांधला. मांको कापाकची सोन्याची काठी जिथे जमिनीत रुतली तिथे कुस्को वसले, त्याच जातीची ही कथा. पण ती नगराची कथा आहे. तिला लिंगोच्या कथेत जागा मिळाली नाही, आणि राज्य गेल्यावर लिंगोची कथा तिच्याबरोबर बुडाली नाही. परधान किंगरी वाजवून ती सांगत राहिले.

इंकांकडे उलटे घडले. स्पॅनिश राज्यकर्त्यांना राजांची कथा हवी होती. १५७२ साली सार्मिएंतो दे गांबोआ याने व्हाइसरॉय तोलेदोच्या सांगण्यावरून इंकांचा इतिहास लिहिला, तो इंका हे बळकावलेले राजे होते हे सिद्ध करण्यासाठी. १६०९ साली गार्सिलासो दे ला वेगा याने आईच्या राजकुळाचे वैभव गायिले, तेही राजांचेच. दोरीच्या गाठींत हिशेब व आठवणी जपणारे किपू मात्र १५८३ च्या लिमा येथील धर्मपरिषदेने मूर्तिपूजेचे साधन ठरवून जाळण्यास सांगितले. येथे आम्हा धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते.

गावकऱ्यांच्या कथा टिकल्या त्या एका चमत्कारिक वाटेने. वारोचिरी प्रांतातील धर्मगुरू फ्रान्सिस्को दे आविला याने सुमारे १६०८ मध्ये तेथील देवदेवतांच्या कथा केचुआ भाषेतच लिहवून घेतल्या. हेतू होता त्या शोधून नष्ट करण्याचा. त्याने लिमाच्या चौकात मूर्ती जाळल्या, आणि ज्या वहीच्या आधारे जाळल्या तीच वही आज त्या लोकांच्या श्रद्धेचा सर्वांत मोठा ठेवा ठरली आहे.

आपल्याकडे हे काम स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने केले. ते कॅथलिक नव्हते. १८४५ साली नागपुरास आले, १८६३ साली टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. एका परधानाच्या तोंडून घेतलेली लिंगोची कथा रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांच्या कागदपत्रांत छापली, तीही मूळ गोंडी ओळींसह. आमच्या मते हिस्लॉप यांचे मोठेपण या गोंडी ओळींत आहे. त्यांच्या कथेत महादेव, पार्वती, नारायण यांचा वावर इतका आहे की ती शुद्ध गोंडी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण संग्राहकाने ती धुऊन-पुसून स्वच्छ केली नाही, हे महत्त्वाचे. पाच वर्षांनी कॅप्टन फोर्सिथ यांनी तीच कथा इंग्रजी पद्यात आणली, आणि त्यासाठी छंद निवडला लाँगफेलोच्या हायावाथाचा, म्हणजे अमेरिकेच्या आदिवासींवरील एका काव्याचा. तो छंदही फिनलंडच्या काव्यावरून घेतलेला! परधानाची किंगरी त्यात कुठे ऐकू यावी?

पुढे फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांत राहून १९४८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील परधानांच्या कथनात कोंडले गेले आहेत ते खुद्द देव, आणि लिंगोच्या सोबतीला जंगुबाई आहे. नागपूरचे मोतीरावण कंगाली (निधन २०१५) यांनी हीच कथा गोंडी पुनेमचे तत्त्वज्ञान म्हणून मांडली. त्यांच्या मांडणीत शंभू हा गोंडांचाच महापुरुष आहे, आणि गुहेतील मुलांना सोडवताना हिरासुका पाटालीर शिळेखाली चिरडून प्राण देतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेकडे माघी पौर्णिमेला लोटणारी यात्रा याच श्रद्धेची. कंगाली यांच्या कार्याने एका समाजाला ताठ मानेने उभे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही साहित्य म्हणून वाचताना आम्हांस वाटते की तत्त्वज्ञान झाल्यावर कथेतले हसू थोडे मावळले. राक्षसाला नाचवणारा लिंगो, गोंडांवाचून बेचैन होणारी पार्वती ही मंडळी परधानाच्या कथेतच अधिक जिवंत आहेत.

आमच्या कुटुंबांतून कधी विचारले जाते की अशा कथा घरात सांगाव्यात काय, त्या जुन्या देवांच्या आहेत. आविलाची वही या प्रश्नाला पुरेसे उत्तर देते. ज्या आजीच्या तोंडी ही कथा आहे तिला नातवंडांसमोर गप्प बसावे लागू नये.

केचुआला १९७५ साली पेरूने राजभाषेचा दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तेथील मुलाला हिस्लॉप यांच्या त्या ओळी वाचायच्या म्हटले तर त्या रोमन अक्षरांत आहेत. त्या देवनागरीत, शेजारी साध्या मराठी अर्थासह छापल्या जाव्यात. आणि राजुरा, कोरपना, जिवती या भागांतील ज्या वाचकांच्या ओळखीचा कोणी वृद्ध परधान असेल, त्यांनी त्याच्याकडून निदान नदी ओलांडण्याचा प्रसंग ऐकून लिहून ठेवावा: मगर दगा देते, कासव गोंडांना पाठीवरून पैलतीरी नेते, आणि जाता जाता लिंगो त्यांना कासवाला दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. लिहिताना सांगणाऱ्याचे नाव आणि गाव वर घालावे, आणि त्याचे शब्द सुधारू नयेत.