अक्काचे उसने खांब

नावापासूनच मराठी माणसाची गंमत सुरू होते. हिब्रूत हे गाव 'अक्को', फ्रेंचांच्या जुन्या नकाशांत 'सें झाँ दाक्र', अरबीत मात्र सरळ 'अक्का'. म्हणजे आपल्या कानाला थोरली बहीणच! हैफाचा उपसागर जिथे संपतो तिथे, उत्तरेच्या टोकावर ती समुद्रात पाय सोडून बसली आहे. स्वभावही थोरल्या बहिणीचाच, दुसऱ्याचं जुनंपुरं वाया जाऊ न देणारा.

पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी बंदरं पुष्कळ आहेत. अलेक्झांड्रियाचं नाव मोठं, पण तिचं दीपगृह समुद्राच्या तळाशी गेलं. रोड्सचा कोट देखणा खरा, पण तिथला सरदारांचा वाडा विसाव्या शतकात इटालियनांनी असा नव्याने उभारला की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळू नये. अक्का मला या दोघींपेक्षा आवडते ती तिच्या ठिगळांमुळे. ती ठिगळं लपवत नाही.

त्यातलं सर्वांत सुंदर ठिगळ बंदराला लागूनच आहे, 'खान अल-उमदान'. शब्दशः, खांबांची सराई. मधे मोठा चौक, चौकात पाण्याचा हौद आणि चारी बाजूंनी दुमजली ओवऱ्या. खाली माल आणि जनावरं, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. वखार आणि धर्मशाळा एकाच छपराखाली नांदायची. अहमद पाशा अल-जझार या ऑटोमन सुभेदाराने ती १७८४च्या सुमारास बांधली. 'जझार' म्हणजे खाटीक. हे टोपणनाव त्याने कमावलेलं होतं; त्याचा कारभारी हाईम फर्ही याचा एक डोळा आणि नाक त्याने काढवलं होतं, आणि तरी फर्ही पुढेही त्याच्याच चाकरीत होता. अशा माणसाने एवढी शांत इमारत उभी करावी याचं नवल वाटतं.

इमारतीचा सगळा रस तिच्या खांबांत आहे. ते ग्रॅनाइटचे आहेत आणि अक्काच्या आसपास ग्रॅनाइट निघत नाही. पाशाने ते दक्षिणेच्या कैसरियाहून आणवले. हेरोद राजाने वसवलेलं ते बंदर तोवर उजाड झालं होतं. ओवरीत उभं राहून एकेक खांब पाहावा. कुठला करडा, कुठला तांबूस. मापून-जोखून एका घडणीचे पाडलेले खांब नव्हेत हे, जो जसा मिळाला तसा उभा केलेला. वर मात्र कमानी एका तालात धावतात. खांब जुने, कमानी नव्या, आणि दोघांचं भांडण नाही. शिवाय ही जागाही उसनीच. धर्मयुद्धांच्या काळात इथे जकातीचं ठाणं होतं. दारावरचा घड्याळाचा मनोरा तर थेट १९०६चा, सुलतान अब्दुल हमीदच्या कारकिर्दीच्या पंचविशीनिमित्तचा. तो मला जरा उपराच वाटतो, पण अक्काला चालतो.

हेच उलट्या बाजूने पाहायचं तर पाशाच्या कोटाच्या खाली उतरावं. धर्मयोद्ध्यांच्या हातून ११८७ साली सलादिनने हे गाव घेतलं, ११९१ साली ते त्यांनी परत जिंकलं आणि पुढची शंभर वर्षं जेरुसलेमच्या राज्याची खरी राजधानी इथेच होती. त्या काळातले हॉस्पिटलर पंथाचे महाल ऑटोमनांनी पाडले नाहीत. मातीने भरले आणि वर कोट बांधला. पाया आयता मिळाला! विसाव्या शतकात ती माती उपसली तेव्हा आतून भोजनशाळा निघाली. मधोमध तीन प्रचंड गोल खांब, आणि त्यांच्या माथ्यावरून छत्रीच्या काड्यांसारख्या फाकलेल्या कमानी. कमानीचा पाय भिंतीत रुततो तिथे एका दगडावर कमळासारखं फूल कोरलं आहे, फ्रान्सच्या राजघराण्याचं चिन्ह. ते शोधताना मान दुखते, पण शोधावं.

टेम्प्लर या धर्मयोद्ध्यांच्या दुसऱ्या पंथाचं भुयार १९९४ साली सापडलं, तेही सांडपाणी तुंबल्याची एका बाईने तक्रार केली म्हणून. सुमारे ३५० मीटर लांब, खाली कातळात खोदलेलं, वर घडीव दगडाची कमान. पर्यटक इथेच जास्त रेंगाळतात. मला ते वाट म्हणून ठीक वाटतं, त्याहून अधिक नाही.

तटावर मात्र संध्याकाळी जावंच. १७९९च्या मार्चपासून मेपर्यंत नेपोलियन या तटाबाहेर डोकं आपटत होता. त्याच्या वेढ्याच्या मोठ्या तोफा जहाजांनी येत होत्या, त्या इंग्रज आरमाराच्या सिडनी स्मिथने वाटेतच पकडल्या आणि त्याच्यावरच उलटवल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत नेपोलियनने टिपू सुलतानाला मदतीचं पत्र लिहिलं होतं. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो अक्काच्या तटाखालीच अडकलेला होता. आज त्या तटावरून मुलं समुद्रात उड्या मारतात आणि खाली कोळ्यांच्या होड्या डुलतात.

ही बहीण नुसती घेतच आली असं मात्र नाही, तिचंही बरंच गेलं. कधीकधी न गेलेलंही तिच्या नावावर लागलं. व्हेनिसला सेंट मार्कच्या दक्षिण बाजूला दोन कोरीव चौकोनी खांब आहेत. जिनोआवाल्यांना हरवून ते अक्काहून आणले असं तिथे शतकानुशतकं सांगत आणि त्यांना 'अक्काचे खांब' म्हणत. पुढे इस्तंबूलला एका जुन्या चर्चच्या उत्खननात त्याच घडणीचे दगड निघाले. खांब तिथले होते, अक्काचे नव्हेतच.

जे खरोखर गेलं ते कैरोत आहे. १२९१च्या मे महिन्यात ममलूकांनी अक्का घेतली, पाडली आणि इथल्या एका चर्चचा संगमरवरी गॉथिक दरवाजा उचलून नेला. सडपातळ खांबांच्या जुड्यांनी मढवलेला तो दरवाजा कैरोच्या मुइझ रस्त्यावर सुलतान अन-नासिर मुहम्मदच्या मदरशाला बसवला आहे. त्याच्यातून आजही लोक आत जातात.