निर्विकार मुद्रेचा विनोद : ‘पोलीस स्क्वॉड!’ या मालिकेचे परीक्षण

अमेरिकेतील ‘एबीसी’ या दूरचित्रवाणी संस्थेने मार्च १९८२ मध्ये ‘पोलीस स्क्वॉड!’ ही विनोदी मालिका दाखवावयास आरंभ केला आणि चार भाग होताच ती थांबविली. उरलेले दोन भाग त्याच वर्षीच्या जुलैत प्रक्षेपित झाले. अर्ध्या तासाचे अवघे सहा भाग, एवढाच या मालिकेचा संसार. ती बंद करण्याचे जे कारण संस्थेचे तत्कालीन मनोरंजन-प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी दिले, ते पुढे मालिकेइतकेच गाजले. या मालिकेचा आस्वाद घ्यावयाचा तर प्रेक्षकाला ती लक्षपूर्वक पाहावी लागते, असा त्याचा मथितार्थ होता. या विधानाची पुष्कळ थट्टा झाली. परंतु थट्टा करणारांचे त्यातील टीकात्मक सत्याकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणणे भाग आहे. मालिकेच्या विनोदाचे मर्म त्या अधिकाऱ्याच्या तोंडून, कदाचित अजाणता, अचूक बाहेर पडले होते.

या मालिकेची गणना सामान्यतः धसमुसळ्या आंगिक विनोदात केली जाते, आणि वरवर पाहता ते खरेही आहे. गुप्त पोलीस अधिकारी फ्रँक ड्रेबिन आपली मोटार उभी करतो ती कचऱ्याच्या डब्यांवर आदळूनच. तथापि केवळ आदळआपटीने या विनोदाचा उलगडा होत नाही. डेव्हिड झकर, जेरी झकर व जिम अब्राहम्स या त्रयीने ‘एअरप्लेन!’ (१९८०) या चित्रपटात ‘झिरो अवर!’ (१९५७) या गंभीर चित्रपटाचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता. तीच रीत त्यांनी येथे पोलीसकथांना लावली. मालिकेची सुरुवात ‘एम स्क्वॉड’ (१९५७–६०) या जुन्या मालिकेवर बेतलेली आहे. अंकांची विभागणी, शेवटी येणारा ‘उपसंहार’ आणि निवेदकाचा भारदस्त स्वर ही सारी क्विन मार्टिन या निर्मात्याच्या मालिकांची लक्षणे होत. निवेदक एक शीर्षक उच्चारतो आणि पडद्यावर दुसरेच उमटते. हा निवेदक, हँक सिम्स, मार्टिनच्याच मालिकांतून प्रेक्षकांच्या कानांत बसलेला होता. खुद्द ड्रेबिनची भूमिका करणारा लेस्ली नील्सन मार्टिनच्या ‘द न्यू ब्रीड’ (१९६१–६२) मध्ये पोलीस अधिकारी म्हणून झळकला होता, तोही पूर्ण गांभीर्याने. विडंबनासाठी मूळ वस्तूची नक्कल करावी लागते, ही सर्वसाधारण समजूत. येथे नक्कल नाही. मूळ साच्यातली माणसेच त्या साच्यात पुन्हा उभी केली आहेत.

मराठी वाचकाच्या मनात विडंबन म्हटले की ‘झेंडूची फुले’ (१९२५) येते. तेथे केशवकुमारांचा रोख समकालीन कवींच्या लकबींवर आहे, आणि त्या रोखात खट्याळ का होईना एक निवाडा आहे. ‘पोलीस स्क्वॉड!’मध्ये असा निवाडा शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. पोलिसांचा भ्रष्टाचार, जुलूम किंवा अकार्यक्षमता यांवर ती कोणतेही भाष्य करीत नाही. ड्रेबिन स्वतःची ओळख सार्जंट आणि डिटेक्टिव्ह लेफ्टनंट अशी एका दमात दोन्ही हुद्द्यांनी करून देतो. यात पोलीस खात्याचा उपहास नसून उपहास आहे तो असली वाक्ये निमूटपणे ऐकून घेण्याच्या प्रेक्षकाच्या सवयीचा.

भरताने हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार मानले आहेत. पात्र स्वतः हसते तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्याला हसविते तेव्हा परस्थ. या मालिकेतील हास्य इतके निखळ परस्थ आहे की त्यास जोड सापडणे कठीण. तिच्यात विनोदाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ड्रेबिन सिगारेटची डबी पुढे करून ‘सिगारेट?’ असे विचारतो, आणि समोरची व्यक्ती ‘होय, सिगारेटच’ अशा अर्थाचे उत्तर देते. संभाषण तसेच पुढे चालू राहते. अल नावाचा एक सहकारी इतका उंच आहे की त्याचे मस्तक कधीच चौकटीत मावत नाही. वरिष्ठ त्याला तोंडाला काही लागल्याचे सांगतात, तेही सहज. बूट पॉलिश करणारा जॉनी हा पोलीसकथांतील सर्वज्ञ खबऱ्या. ड्रेबिन पैसे देऊन माहिती घेऊन जातो न जातो तोच एखादा शल्यविशारद येऊन त्याच जॉनीला हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी विचारतो, एखादा धर्मगुरू मरणोत्तर जीवनाविषयी. खबऱ्याला सारेच ठाऊक असते हा संकेत एकदा मान्य केला की या प्रसंगात तर्कदुष्ट असे काहीच उरत नाही. मालिकेला ध्वनिमुद्रित हशाची जोड दिलेली नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. कोठे हसावे हे प्रेक्षकाला कोणीही सांगत नाही.

यातील सर्वांत सरस कल्पना उपसंहाराची आहे. जुन्या मालिकांत अखेरीस पात्रे हसत असताना चित्र गोठविले जाई आणि त्यावर नामावली सरकत असे. येथे चित्र गोठत नाही. नटच गोठल्याचे सोंग करून स्तब्ध राहतात. परिणामी पेल्यात ओतली जाणारी कॉफी ओतलीच जाते आणि काठावरून वाहू लागते. एका भागात पकडलेला गुन्हेगार सभोवती पाहतो, सारे पुतळे झालेले दिसताच निसटू पाहतो. दुसऱ्या एका भागात चिंपांझी तेवढा हालचाल करीत राहतो. हास्याचे मूळ सजीवावर यांत्रिकतेचे कवच चढण्यात आहे, असे बर्गसाँने १९०० मध्ये प्रतिपादिले होते. त्याच्या उपपत्तीला येथे एक चमत्कारिक कलाटणी मिळते. यंत्राचे काम माणसे अंगावर घेतात, आणि कॉफी, कैदी व माकड यांना त्याची वार्ताच नसते. तंत्राचा संकेत किती कृत्रिम आहे हे दाखविण्याचा याहून थेट मार्ग क्वचितच कोणी योजिला असेल.

सर्वच विनोद या उंचीचा नाही. पहिल्याच भागात व्यक्तिनामे व क्रियापदे यांच्या उच्चारसाम्यावर रचलेला लांबलचक प्रश्नोत्तरांचा प्रसंग आहे. तो कुशल असला तरी रंगभूमीवरील जुन्या करमणुकीची आठवण करून देतो आणि इंग्रजीबाहेर जवळजवळ निष्प्राण होतो. दुसऱ्या अंकाच्या शीर्षकात सीझरच्या अंतिम उद्गारांवर केलेली कोटीही त्याच जातीची. शिवाय निर्विकारतेलाही सीमा असते. प्रत्येक भागाच्या प्रारंभी एखाद्या नामांकित नटाचे ‘खास पाहुणा’ म्हणून नाव घोषित व्हावयाचे आणि त्याच क्षणी तो मारला जावयाचा, असा परिपाठ होता. त्यासाठी जॉन बेलुशीचेही दृश्य चित्रित झाले होते. ५ मार्च १९८२ रोजी, पहिला भाग प्रक्षेपित झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बेलुशीचा खरोखरच मृत्यू झाला आणि ते दृश्य वगळावे लागले.

दूरचित्रवाणी घरात पाहिली जाते, बहुधा दुसरे काही करता करता. कानाने अर्धवट ऐकणाऱ्यास ‘पोलीस स्क्वॉड!’ ही एक सामान्य पोलीसकथाच वाटणार, कारण स्वर, संगीत आणि मुद्रा सारे तसेच आहे. विनोद तेवढा पार्श्वभूमीला, चौकटीच्या कडेला किंवा एखाद्या शब्दात दडलेला. थोमोपोलस यांचे निदान म्हणूनच खोटे नव्हते. चूक झाली ती त्यास दोष मानण्यात. पुढे याच सामग्रीतून ‘द नेकेड गन’ (१९८८) हा चित्रपट आणि १९९१ व १९९४ मध्ये त्याचे दोन उत्तरभाग निघाले. चित्रपटगृहाच्या अंधारात बांधलेले लक्ष त्यांस लाभले, आणि यशही. मात्र त्यांत नील्सनच्या मुद्रेवर हळूहळू विनोदाची जाणीव उमटू लागते, डोळे विस्फारतात, अंगविक्षेप वाढतात. हशा मोठा झाला, पण मालिकेतील ड्रेबिनचा तो अभेद्य गंभीरपणा पातळ झाला. २०२५ मध्ये आलेल्या नव्या चित्रपटात मुख्य भूमिकेसाठी लियाम नीसन या गंभीर भूमिकांबद्दल ख्यात असलेल्या नटाची निवड झाली. १९८२ मध्ये नील्सनला निवडताना जो विचार झाला असावा, तोच येथेही दिसतो.