संग्रहालयातील चित्रफीत आणि संकलकाचा विवेक

चित्रपटाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. दिग्दर्शक, नट, संगीतकार यांच्यावर लेख येतात, संकलकावर क्वचितच. त्याचे काम चांगले झाले तर ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची समीक्षा कोण करणार? संग्रहालयाच्या दालनात अखंड फिरत राहणारी पाच-सात मिनिटांची चित्रफीत तर समीक्षेच्या खिजगणतीतही नाही. परंतु आज आपल्या मुलांना इतिहास भेटतो तो बराचसा अशा चित्रफितींतून. शाळेची सहल दालनात शिरते, मुले पडद्यापुढे जमतात, आणि ज्या वस्तूसाठी दालन उभे राहिले ती वस्तू पाठीमागे राहते. म्हणून या अनामिक कारागिराच्या कामाकडे गांभीर्याने पाहायला हवे.

संकलन म्हणजे नको ते कापून टाकणे, ही समजूत अपुरी आहे. संकलक काळ कापतो आणि काळ जोडतो. कोणती गोष्ट किती वेळ पाहावी आणि तिच्यानंतर काय पाहावे, हे प्रेक्षकाच्या वतीने तोच ठरवतो. चित्रपटगृहात त्याला हरकत नाही. तिथे पडद्याबाहेर पाहण्यासारखे काही नसतेच. संग्रहालयात मात्र खरी वस्तू चार हातांवर उभी असते. तिथली चित्रफीत वस्तूची जागा घेते की वस्तूकडे नेते, हाच तिच्या समीक्षेचा पहिला प्रश्न होय.

याचे उत्तर शोधताना दादासाहेब फाळक्यांचा एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी कित्येक दिवसांचा काळ काही क्षणांत आणून ठेवला. बी रुजते, कोंब वर येतो, वेल हात पसरते. ही वाढ कोणी कुंडीपुढे बसून राहिला तरी त्याच्या डोळ्यांना दिसली नसती. काळ आकुंचित करण्याचे समर्थन तिथे पुरेपूर आहे: जे डोळ्याला दिसूच शकत नाही ते चित्रफितीने दाखवले.

आता उज्जैनचे उदाहरण घेऊ. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे शहर परके नाही. १८१० पर्यंत ती शिंद्यांची राजधानी होती, आणि महाकालेश्वराच्या देवळाची अठराव्या शतकातली पुनर्बांधणी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी केली. रेल्वेच्या एका अंगाला जुने शहर आणि दुसऱ्या अंगाला माधवनगर-फ्रीगंज ही नवी वस्ती. घरात मराठी आणि दारात हिंदी अशी कुटुंबे तिथे आहेत. आपल्याकडे दारात कन्नड असते, एवढाच काय तो फरक. माधवनगरातून शहर ओलांडून गेले की सवाई जयसिंहांनी बांधलेली वेधशाळा लागते. पडझड झालेली ही वास्तू ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली दुरुस्त करविली. त्यामागे ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांचा आग्रह होता.

तिथल्या सम्राट यंत्राची सावली अंशांकित कमानीवर सरकत असते. अशा यंत्रावर चित्रफीत करायची तर संकलकाला पहिला मोह होतो तो सकाळपासून संध्याकाळपर्यंतची सावली दहा सेकंदांत धावताना दाखवण्याचा. दिसायला ते देखणे दिसते. पण वाटाण्याच्या रोपाला लावलेला न्याय इथे लागत नाही. सावलीचे सरकणे दिसते. फक्त चार मिनिटे उभे राहावे लागते. ती चार मिनिटे हाच त्या यंत्राचा खरा धडा. पृथ्वी फिरते हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिथे पायाखाली येते. धावती सावली पाहिलेला मुलगा मात्र ‘पाहिले’ असे म्हणून पुढे जातो. त्याचा अनुभव त्याला मिळण्याआधीच खर्च झालेला असतो.

मग वेधशाळेत चित्रफितीला काम नाही काय? आहे. उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते, आणि वर्षभरात सूर्य व घड्याळ यांच्यात आणखी काही मिनिटांचा फरक कमीजास्त होत राहतो. यंत्रावरची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळत नाही, तेव्हा यंत्र चुकीचे आहे असे मुलांना वाटते. हा फरक का पडतो, ते यंत्र सांगू शकत नाही. आकृत्यांची दोन मिनिटांची चित्रफीत सहज सांगू शकते. जिथे वस्तू मुकी आहे तिथे चित्रफितीने बोलावे, जिथे वस्तू बोलते तिथे तिने गप्प राहावे.

उज्जैनचेच विष्णु श्रीधर वाकणकर हे या बाबतीत गुरुस्थानी मानावेत. १९५७ साली त्यांनी भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली. त्या गुहांत एका काळातल्या चित्रावर दुसऱ्या काळातले चित्र रेखाटलेले आढळते. वाकणकर स्वतः चित्रकार. खडकापुढे बसून त्यांनी त्या चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. हाताने नक्कल करणाऱ्याला कोणती रेष खाली आणि कोणती वर, हे ठरवावेच लागते. याच चित्रावरून कॅमेरा तीन सेकंदांत फिरतो तेव्हा सगळे थर एक होतात आणि हजारो वर्षांची ‘प्राचीन कला’ असा एकच ठसा उरतो. मागे बासरी वाजत असते. संकलकाने दृश्य आणखी वीस सेकंद टिकवले, बासरी थांबवली आणि एकेक थर उजळून दाखवला, तर वाकणकरांच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे होईल.

काळाइतकाच महत्त्वाचा आहे तो जोडणीचा प्रश्न. रशियातील कुलेशोव्हने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याला त्याने कधी सुपाची वाटी, कधी शवपेटी जोडली. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक दिसला. अर्थ चित्रात नव्हता, शेजाराने तो निर्माण केला. दालनातली तलवार युद्धाच्या चित्राशेजारी ठेवली तर पराक्रम, लोहाराच्या भात्याशेजारी ठेवली तर कारागिरी. दोन्ही खरेच, पण यातले एक निवडणे ही जबाबदारीची गोष्ट आहे.

ही जबाबदारी आपल्या भागात किती नाजूक होते, ते श्रवणबेळगोळला ध्यानात येते. गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाच्या नावाचे लेख आहेत: कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि मराठीत. एका संकलकाने फक्त कन्नड ओळ जवळून दाखवली आणि दुसऱ्याने फक्त मराठी, तर दोघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो. तरी दोन्ही गावांची मुले दोन अर्धी सत्ये घेऊन घरी परततात, आणि पुढे ती भांडणाच्या कामी येतात. कॅमेरा दोन हात मागे घेतला की त्या ओळी एकाच शिळेवर, एकाच मूर्तीच्या पायाशी दिसतात. सीमाभागातल्या संकलकाला यापेक्षा मोठे धर्मकृत्य नाही.

संकलकाची बाजूही ऐकायला हवी. दालनातला प्रेक्षक उभा असतो, मध्येच येतो, मध्येच जातो; शेजारच्या दालनाचा आवाज ऐकू येत असतो. म्हणून चित्रफीत कुठूनही पाहिली तरी कळावी लागते. वरून निवेदन दुसऱ्याच कोणी लिहून दिलेले, उद्घाटनाची तारीख ठरलेली. दृश्ये एका भाषेच्या निवेदनावर बेतलेली असतात आणि मग त्यांवरच दुसऱ्या भाषेचे निवेदन चढवले जाते. दोन भाषांत सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मंडळींना ठाऊक आहे की एका भाषेतले वाक्य संपते तेव्हा दुसरीतले अजून क्रियापदापाशी पोचायचे असते. परिणामी घड्याचे वर्णन चालू आणि पडद्यावर नाणे. यावर उपाय एकच: निवेदन निम्मे करावे. मोकळ्या जागेत दोन्ही भाषा सुखाने राहतात.

आता भ्रमणध्वनीमुळे संकलनाची साधने विद्यार्थ्यांच्याही हाती आली आहेत. आठवी-नववीची मुले गावच्या वीरगळावर तीन मिनिटांची फीत सहज तयार करतात. आपण तिला संगीत किती, झगमग किती यावर गुण देतो. त्याऐवजी त्यांना तीन प्रश्न विचारावेत: काय गाळले? का गाळले? आणि फीत पाहून झाल्यावर कोणी वीरगळ पाहायला गेले का? संग्रहालयांनाही हेच प्रश्न विचारायला हवेत. चित्रफीत संपल्यावर प्रेक्षक मागे वळून त्या वस्तूपाशी जात असेल, तर संकलकाचे नाव कुठे लिहिलेले नसले तरी त्याचे काम झाले असे समजावे.