साखळी की दोर? परिस्थितिजन्य पुरावा आणि खुनाची शिक्षा

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. खून करताना कोणी पाहिलं नाही, तर नुसत्या परिस्थितिजन्य पुराव्यावर एखाद्याला फाशी देणं बरोबर आहे का? कायद्याचं उत्तर 'हो, अटी पाळून' असं आहे. आज मला त्या अटींची चिकित्सा करायची आहे.

त्या अटींची एक मुळी आपल्या नागपुरात आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथले अबकारी आयुक्त नरगुंदकर यांच्यावर सिवनीच्या डिस्टिलरीच्या टेंडरमध्ये कट आणि बनावटीचा आरोप झाला. खटला खुनाचा नव्हता. वाद होता तो टेंडर, पत्रं आणि टाइपरायटर यांचा. 1952 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. परिस्थितींची साखळी पूर्ण हवी आणि निर्दोषपणाच्या वाजवी शक्यतेला जागा उरू नये, असं न्या. महाजन यांनी त्यात सांगितलं. पुढे 1984 साली पुण्याच्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात याच आधारावर पाच कसोट्या मांडल्या गेल्या. त्यांना 'पंचशील' म्हणतात. तिथे प्रश्न होता, विवाहितेचा सायनाइडनं झालेला मृत्यू खून की आत्महत्या. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटला, कारण तिच्या पत्रांमुळे आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती.

आता याच्या उलट टोकाचा खटला बघा, अनंत चिंतामण लागू. पुण्याचे डॉक्टर. लक्ष्मीबाई कर्वे ही मधुमेह असलेली सधन विधवा त्यांची रुग्ण. नोव्हेंबर 1956 मध्ये दोघं रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. पोचेपर्यंत बाई बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्या वारल्या. कागदावर नोंद मधुमेहाच्या बेशुद्धीची. रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. पण नंतर त्यांच्या नावानं पत्रं येत राहिली, त्यांनी लग्न केलं, दूर स्थायिक झाल्या, अशी! आणि इकडे त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे जात होती.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1959 मध्ये दोन विरुद्ध एक मतानं फाशी कायम केली. बहुमताचा निकाल लिहिला न्या. हिदायतुल्ला यांनी. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले, म्हणजे आपलेच. न्या. सरकार यांनी मात्र वेगळं मत दिलं: मृत्यू विषानंच झाला हे सिद्ध नाही.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मी याकडे मीमांसकांच्या चष्म्यातून पाहतो. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे. मग रात्री जेवत असला पाहिजे. याला अर्थापत्ती म्हणतात. तिचा प्राण 'एरवी हे घडूच शकत नाही' यात असतो. 'बहुधा असंच असावं' एवढ्यावर अर्थापत्ती उभी राहत नाही. पंचशीलाचा गाभा हाच आहे.

या कसोटीवर लागू निकाल तपासा. पत्रं, सह्या, मालमत्ता या सगळ्यांतून लोभ आणि फसवणूक सिद्ध होते. पण रुग्ण आपोआप मेली आणि डॉक्टरानं संधी साधली, तरी हेच दिसलं असतं. म्हणून माझी पहिली तक्रार अशी की, एकाच लोभातून निघालेले दहा पुरावे दहा मोजू नयेत. तो एकच धागा. इथे गांधीबागेत कापडाच्या व्यापाऱ्याला कोणी एकच ठाण दहादा उलगडून दाखवलं, तर तो दहा ठाणांचे पैसे देईल का?

दुसरा धागा वेगळा आहे. बाई जिवंत असतानाच रुग्णालयात त्यांचं चालू नाव दिलं गेलं नाही. मागे पडलेलं माहेरचं नाव दिलं, तेही धड नाही. बचाव म्हणेल, माहेरचं नाव म्हणजे खोटं नाव नव्हे. कबूल. पण बाई बऱ्या होऊन घरी जाणार, असं ज्या डॉक्टरला वाटतं, तो त्यांची ओळख कशाला झाकेल? हे वागणं मृत्यूच्या आधीचं आहे, म्हणून माझ्या लेखी ते नंतरच्या सगळ्या पत्रांपेक्षा जड आहे. तिसरा धागा वैद्यकीय: मधुमेहाच्या बेशुद्धीची शक्यता बहुमतानं तपासून बाजूला सारली. हे तीन धागे एकमेकांवर अवलंबून नाहीत.

म्हणून मला 'साखळी' ही उपमा अपुरी वाटते. साखळीची एक कडी तुटली की सगळंच गेलं. 1866 साली इंग्लंडचे न्यायाधीश पोलॉक यांनी दोराची उपमा दिली होती: एकेक धागा वजन पेलत नाही, पीळ पेलतो. ती जास्त खरी आहे. पण ती धोक्याचीही आहे, कारण कुजके धागे कितीही वळले तरी दोर होत नाही. प्रत्येक धागा स्वतः सिद्ध हवा आणि दुसऱ्यापासून स्वतंत्र हवा.

तर मग लागू प्रकरणात कोण बरोबर? विष सापडलं नाही म्हणून सोडायचं ठरवलं, तर औषधं जाणणारा डॉक्टर कायमचा सुरक्षित झाला. इथे मी हिदायतुल्लांच्या बाजूचा. दोषी ठरवण्यापुरता पीळ त्यात आहे. पण फाशी? तीन न्यायमूर्तींपैकी एकाला, तोच कागद वाचून, शंका उरते. त्या शंकेला वाजवी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? जन्मठेपेतली चूक उद्या दुरुस्त होऊ शकते. फाशीतली नाही.

एवढंच सुचवतो. अशा प्रत्येक निकालात न्यायाधीशांनी निर्दोषपणाच्या शक्यता आकडे घालून लिहाव्यात आणि प्रत्येक का बाद झाली ते सांगावं. जी बाद करता येत नाही, तिचा लाभ आरोपीचा. आता प्रश्न विचारा.