नऊ गेले, सहा आले

मारामारीच्या चित्रपटांशी माझं फारसं जमत नाही. पडद्यावर कुणी ठोसा उगारला की मी दचकून मागे सरकतो, मागच्या रांगेतल्या गृहस्थांच्या गुडघ्यांवर आदळतो, आणि मग मार मलाच पडायची वेळ येते. त्यामुळे "बाबा, ‘द वॉरियर्स’ बघाच, कल्ट आहे," असं चिरंजीवांनी फर्मावलं तेव्हा मी आधी ‘कल्ट’ म्हणजे काय ते विचारून घेतलं. मला कळलेला अर्थ असा : जे एकदा बघून विसरायचं असतं, पण काही माणसं विसरायला साफ नकार देतात, ते कल्ट. या हिशेबाने आमच्या बँकेच्या दृष्टीने प्रत्येक थकबाकीदार हा कल्टच म्हणायचा!

वॉल्टर हिल या दिग्दर्शकाचा हा चित्रपट 1979 सालचा. गोष्ट न्यूयॉर्कमधल्या एका रात्रीची. सायरस नावाचा पुढारी शहरातल्या तमाम टोळ्यांची सभा भरवतो, पार उत्तरेला, ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कात. अट अशी की प्रत्येक टोळीने नऊच जण पाठवायचे आणि हत्यार आणायचं नाही. (एवढी शिस्त मी युनियनच्या सभेतही पाहिलेली नाही.) सायरस हिशेब मांडतो : आपण 60,000, पोलीस 20,000; आपसातली भांडणं मिटवा, शहर आपलं. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मी मान डोलावली. आकडेमोड बिनचूक होती.

तेवढ्यात ल्यूथर नावाचा एक किरकोळ इसम पिस्तूल काढतो, सायरसला गोळी घालतो आणि आळ ढकलतो कोनी आयलंडच्या ‘वॉरियर्स’वर. त्यांचा म्होरक्या तिथेच जमावाच्या हाती सापडतो. उरलेल्या आठांनी आता पार दक्षिणेला, समुद्रकाठच्या आपल्या वस्तीत पोचायचं. मागावर शहरातली प्रत्येक टोळी. रेडिओवर एक बाई, जिचे आपल्याला फक्त ओठच दिसतात, गाणी लावता लावता त्यांचा ठावठिकाणा जाहीर करतेय.

म्हणजे बोभाटा झाला मारामारीचा, आणि चित्रपट निघाला घरी जायची गाडी पकडण्याचा! गाडी मध्येच थांबते, फलाटावर पोलीस दिसतात, धावपळीत माणसं एकमेकांपासून तुटतात. जन्म लोकलमध्ये गेलेल्या माणसाला याहून थरारक काय दाखवणार?

मारामाऱ्या आहेत, नाही असं नाही. पण त्यात रक्तापेक्षा रंगभूषा जास्त. एक टोळी बेसबॉलच्या गणवेशात, तोंडाला रंग फासून, हातात बॅट घेऊन धावते. दुसरीतला एकजण चाकांच्या बुटांवरून घरंगळत येतो. गंमत म्हणजे पडद्यावरची ही नाटकी मारामारी काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी खरी करून दाखवली, आणि पॅरामाउंट कंपनीला जाहिराती आवरत्या घ्याव्या लागल्या.

मूळ कादंबरी सोल युरिकची, 1965 सालची. हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या कल्याण खात्यात नोकरीला होता, हे वाचल्यावर मला एकदम भाऊबंद भेटल्यासारखं वाटलं. त्याने कथेचा सांगाडा घेतला झेनोफन या ग्रीकाकडून. इसवी सनापूर्वी 401 मध्ये सायरस नावाच्या इराणी राजपुत्राने भावाचं राज्य घ्यायला दहा हजारांच्या आसपास ग्रीक सैनिक भाड्याने नेले. सायरस लढाईत पडला, आणि परक्या मुलखात अडकलेले ग्रीक लढत लढत समुद्राकडे निघाले. हे सगळं चित्रपटात आपसूक मुरलेलं होतं. पण 2005 साली हिलसाहेबांनी नवी आवृत्ती काढली, तिच्यात सुरुवातीलाच झेनोफनची हकिगत सांगितली आणि मधूनमधून कॉमिकची चित्रं घातली. विनोद सांगून झाल्यावर तो समजावून सांगणारे पाहुणे असतात ना, त्यातला प्रकार. मी म्हणेन, जुनीच प्रत बघा.

माझी खरी तक्रार निराळी आहे. 1975 साली न्यूयॉर्कची महापालिका दिवाळखोरीच्या काठावर पोचली होती. त्या शहराचे ओरबाडलेले, रंगाने चितारलेले डबे पडद्यावर दिसतात. पण ही पोरं रात्री रस्त्यावर का, त्यांच्या घरात कोण, हे चित्रपट विचारत नाही. खर्च दाखवला, व्हाउचर जोडलंच नाही!

एकदाच, पहाटेच्या सुमाराला, ते व्हाउचर सापडतं. नवा म्होरक्या स्वान आणि वाटेत सामील झालेली मर्सी डब्यात बसलीत, मळलेली, थकलेली. समारंभाहून परतणारी दोन जोडपी हसत आत शिरतात आणि समोर बसतात. कोरे कपडे, फुलं. हळूहळू हसू ओसरतं. मर्सीचा हात नकळत केस सारखे करायला वर जातो, आणि स्वान तो हात धरून खाली आणतो. कुणीही चकार शब्द बोलत नाही. पुढच्या स्टेशनावर जोडपी उतरतात, एक फूल तिथेच पडतं. सगळ्या मारामाऱ्या मी विसरेन, तो खाली आणलेला हात विसरणार नाही. झालो की नाही मीही कल्ट?

कोनी आयलंड येतं. उजाडू लागलेली ती कळाहीन वस्ती बघून स्वान म्हणतो, रात्रभर लढलो ते इथे यायला? वाळूवर ल्यूथर आडवा येतो. सायरसला का मारलंस, असं विचारल्यावर तो सांगतो की कारण काही नाही, असलं करायला आवडतं. आमच्याकडे ज्या नोंदीचा खुलासा मिळत नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात आणि वर्षअखेरीला कुणीतरी मान खाली घालून निस्तरतो. सायरसच्या बेरजेत 60,000 माणसं होती. त्यांतला एक असा निघेल, यासाठी त्याने रकानाच ठेवला नव्हता. पुढे खरा गुन्हेगार कळतो, वॉरियर्स सुटतात. पण सायरसची ती बेरीज पुन्हा मांडायला कुणी उरत नाही.

चित्रपट संपल्यावर सवयीने मी ताळा केला. गेले नऊ. एक जमावाच्या हाती, एक रेल्वेखाली, एक पोलिसांच्या ताब्यात. आले सहा. जमेला मर्सी, आणि स्वानने डब्यातून उचलून तिला दिलेलं ते फूल, तेही दुसऱ्याचं.

"कसा वाटला?" चिरंजीवांनी विचारलं.

"टॅली होत नाही," मी म्हटलं, "पुन्हा एकदा लाव."