शिफारस कोणासाठी?

अमेरिकेत २०१३ पासून ‘लायब्ररीरीड्स’ ही यादी दरमहा निघते. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचारी प्रकाशनपूर्व प्रती वाचून मते देतात आणि त्या महिन्यात येणारी दहा पुस्तके प्रौढ वाचकांसाठी निवडली जातात. शिफारशीखाली ती करणाऱ्याचे नाव व ग्रंथालय असते. जाहिरातीपेक्षा हे नक्कीच विश्वासार्ह.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. यादीत कादंबऱ्यांचाच भरणा असतो. विज्ञानाचे पुस्तक क्वचितच दिसते. हा दोष ग्रंथपालांचा नव्हे, पद्धतीचा आहे. मतमोजणीत पुष्कळांना आवडलेले पुस्तक वर येते. मोजक्यांना फार उपयोगी पडणारे मागे राहते.

गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे दुसरे, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे तिसरे. यादी तिसऱ्याला हातभार लावते. दुसऱ्यासाठी मात्र वाचकाची गरज विचारावीच लागते. म्हणून शाळेत वा गावच्या वाचनालयात नव्या पुस्तकांचा फलक लिहिताना ‘उत्तम पुस्तक’ एवढ्यावर थांबू नये. ते कोणासाठी आणि का, हेही लिहावे.